चित्रं पूर्ण होतात, ओळखी का होत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वृद्धाश्रमात तुम्ही आठवड्यातून दोनदा कलेचं सत्र घेता, एकदा चित्रकलेचं आणि एकदा गाण्याचं. लोक येतात, मन लावून करतात, खूशही दिसतात. पण सत्र संपलं की जो तो आपल्या खोलीत. जेवणाच्या टेबलावर पुन्हा तीच शांतता, आणि वर्षभर शेजारी बसणाऱ्यांना एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत. तेव्हा कोणती कला घेतली म्हणजे ओळखी वाढतील, आणि त्या वाढल्या हे व्यवस्थापनाला कसं पटवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं हेच काम करते आहे, म्हणून आधी सरळ सांगते: कला बदलून फार फरक पडणार नाही. तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. प्रत्येकाला स्वतःचा कागद आणि रंगांची वेगळी पेटी देतो, दोन मदतनीस फिरून सगळ्यांकडे लक्ष देतात, असं तुम्ही म्हटलंय. व्यवस्था नीटनेटकी आहे, पण तिच्यात शेजाऱ्याला काही कामच उरत नाही. रंग हवा तर पेटी समोर आहे, अडलं तर मदतनीस आहे, कौतुकही मदतनीसच करणार. बारा माणसं एका टेबलाशी बसलेली दिसतात. प्रत्यक्षात तिथे बारा वेगवेगळी सत्रं चालू असतात. म्हणून खरा प्रश्न मी असा मांडेन: त्या तासाभरात माणसाला शेजारच्या माणसाची गरज कुठे पडते?

हा प्रश्न वृद्धाश्रमात इतका महत्त्वाचा का, तेही सांगते. तिथलं एकटेपण वेगळ्या जातीचं असतं. माणसं सतत आजूबाजूला असतात. अंघोळ घालणारी, औषध देणारी, जेवण वाढणारी. पण हे सगळं एकाच दिशेने येतं. रहिवासी फक्त घेणारा राहतो. आयुष्यभर घर, नोकरी, शेत, दुकान, मुलंबाळं सांभाळलेल्या माणसाकडे कुणाला देण्यासारखं काही उरलेलं नाही, अशी ती रचना होऊन बसते. एकत्र केलेली कला ही अशा थोड्या जागांपैकी एक आहे जिथे तो पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडू शकतो. आणि ओळख खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू होते. हा नुसता भावनेचा मुद्दा नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यांत तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. व्यवस्थापनाशी बोलताना हा आकडा जवळ ठेवा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्याकडे किती जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, किती जणांना नीट ऐकू येत नाही, माणसं वर्षानुवर्षं राहतात की काही महिन्यांसाठी येतात, मदतनीस ठरलेले असतात की रोज बदलतात, यावर बरंच काही ठरेल. खाली मी जे सांगते आहे ते मिश्र गट धरून सांगते आहे: काही जणांची स्मृती शाबूत आहे, काहींची नाही, आणि बहुतेकांना एखादी तरी शारीरिक अडचण आहे.

गाणं की चित्र, याचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्यावर एक चांगला अभ्यास आहे. आयलुनेड पियर्स, जाक लॉने आणि रॉबिन डनबार यांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रौढांसाठी नव्याने सुरू झालेल्या गायनाच्या, सर्जनशील लेखनाच्या आणि हस्तकलेच्या वर्गांवर त्यांनी सात महिने लक्ष ठेवलं. गायनवाल्यांची आपसातली जवळीक सुरुवातीला झपाट्याने वाढली. पण सात महिन्यांनी पाहिलं तर तिन्ही प्रकारच्या वर्गांत जवळीक जवळपास सारखीच होती. ती माणसं वृद्धाश्रमातली नव्हती हे लक्षात घ्यायला हवं, तरी माझ्या कामात मला हेच दिसत आलंय. गाण्यात एकाच वेळी श्वास घ्यायचा असतो, एकाच ठेक्यावर राहायचं असतं, आणि कुणा एकाशी बोलायला सुरुवात करण्याचा संकोच नसतो. हस्तकलेत जवळीक हळूहळू, दोघादोघांत होते. म्हणून नव्या गटाची सुरुवात मी गाण्याने करते आणि मग हाताच्या कामाकडे जाते. तुमची दोन सत्रं वेगळी ठेवण्याऐवजी चित्रकलेच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना ठाऊक असलेलं काही गाऊन बघा. एक सूचना: पट्टी खाली ठेवा. वयानुसार आवाजाचा वरचा पल्ला कमी होतो, बायकांचा आवाज तर बराच खाली येतो. पट्टी चढी असली की माणसं गाणं सोडून नुसती ऐकत बसतात, आणि मग जे घडायचं ते घडत नाही.

गरज कशी निर्माण करायची, हा यातला सगळ्यात मोठा भाग. पहिला विचार मनात येतो तो म्हणजे एक मोठा कागद टेबलावर पसरायचा आणि सगळ्यांनी मिळून चित्र काढायचं. हे सोपं वाटतं, पण असं सोडून दिलं तर प्रत्येक जण आपल्या समोरच्या कोपऱ्यात छोटं चित्र काढतो, मधली जागा कोरी राहते, आणि दुसऱ्याच्या भागाला हात लागू नये म्हणून माणसं उलट जास्तच जपून बसतात. मोठा कागद घ्यायचा असेल तर तो दर दहा मिनिटांनी फिरवा, म्हणजे समोर आलेल्या दुसऱ्याच्या रेषेला उत्तर द्यावं लागेल. किंवा रंगच वाटून टाका: एकाकडे फक्त निळा, दुसऱ्याकडे फक्त पिवळा. हिरवा हवा असेल तर मागावा लागतो. मागितल्याशिवाय काम पुढे जात नाही अशी एखादी तरी जागा प्रत्येक सत्रात असू द्या.

याहून चांगलं म्हणजे मुळातच दोघांनी करायची कामं निवडायची. ठशांच्या कामात एकाने शाई लावायची, दुसऱ्याने कागद दाबायचा. चिकटचित्रात एकाने कागद निवडून फाडायचे, दुसऱ्याने जागा ठरवून चिकटवायचे. लाकडी चौकटीवर विणायचं असेल तर दोघांमध्ये एकच चौकट. जोड्या लावताना मी एकाच्या उणिवेशी दुसऱ्याचं बळ जुळतंय का ते बघते, पण तसं बोलून दाखवत नाही. एका केंद्रात दोन आजी होत्या. एकींचा हात अजूनही सफाईदार होता, आयुष्य शिवणकामात गेलेलं, पण दोन मिनिटांपूर्वी काय ठरलं ते लक्षात राहायचं नाही. दुसरींचा उजवा हात पक्षाघाताने गेला होता, मात्र स्मरणशक्ती लख्ख. एका चौकटीवर दोघींना बसवलं. पुढचा दोरा कोणता, नक्षी कुठवर आली, हे दुसरींनी सांगायचं, पहिलींनी विणायचं. काही आठवड्यांनी जेवणाच्या खोलीत पहिल्या आजी दुसरींसाठी खुर्ची मागे ओढून थांबायला लागल्या. नाव त्यांना दर वेळी आठवायचंच असं नाही, पण या बाई आपल्या आहेत हे पक्कं ठाऊक होतं. डिमेन्शिया असलेल्या माणसांशी नातं जुळतच नाही असं मानणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. हाताला सरावाची झालेली कामं घटनांच्या आठवणीपेक्षा जास्त काळ टिकतात, आणि सहवासाची भावना नाव विसरल्यावरही उरते.

डिमेन्शियाचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. या मंडळींसोबतच्या सत्रांत बहुतेक ठिकाणी आठवणींवर भर असतो: हा फोटो ओळखा, हे गाणं कोणतं ते सांगा, तुम्ही लहानपणी काय करायचा. काही जणांना ते आवडतं. पण ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी ती सगळ्यांसमोर द्यायची परीक्षा असते, आणि नापास होण्याच्या भीतीने माणूस गप्प होतो. अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात यावर एक वेगळी वाट काढली. ती पद्धत ‘टाइमस्लिप्स’ या नावाने ओळखली जाते. गटासमोर एखादं विचित्र, गमतीदार चित्र ठेवायचं आणि विचारायचं: याचं नाव काय ठेवूया? हा कुठे निघाला असेल? याच्या मनात काय चाललं असेल? जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहायचं; विसंगत शब्द, नुसता आवाज, हातवारे, सगळं. मध्ये मध्ये गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. आठवण्याच्या जागी कल्पना आली की चुकीचं उत्तरच शिल्लक राहत नाही. मी ही पद्धत मिश्र गटांतही वापरते. तिथे एकाचं वाक्य दुसरा पुढे नेतो, त्यावर तिसरा हसतो, आणि गोष्ट कुणा एकाची न राहता गटाची होते. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा वाचली की ‘ते आपलं होतं’ असं कुणी तरी म्हणतंच.

गट केवढा? सहा ते आठ. तुमचा बाराचा गट मी दोन भागांत विभागला असता. दर वेळी तीच माणसं, तोच वार, तीच वेळ, शक्यतो त्याच जागा. जागा बदलल्या तर ओळखी वाढतील असं वाटतं. या वयात उलट घडतं, कारण अर्धवट झालेली ओळख दर वेळी तुटते.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं त्याबद्दल. ‘ते मिसळत नाहीत’ असं ज्यांच्याविषयी सांगितलं जातं, त्यांतल्या अनेकांना खरं तर ऐकूच येत नसतं. वयामुळे कमी होणाऱ्या श्रवणशक्तीत आधी उंच स्वर जातात. त्यामुळे आवाज कानावर पडतो पण व्यंजनं निसटतात, बोलणं चालू आहे हे कळतं, काय ते कळत नाही. दोनचार वेळा चुकीचं उत्तर दिलं गेलं की माणूस बोलणंच बंद करतो. श्रवणयंत्र असलं तरी ते आजूबाजूचा गोंगाटही मोठा करतं. म्हणून चित्र काढताना वातावरणासाठी लावलेलं संगीत आधी बंद करा. दूरचित्रवाणी संच त्याच खोलीत असेल तर तोही. लांबलचक टेबलाऐवजी लहान टेबल घ्या, म्हणजे समोरच्याचे ओठ दिसतील. खिडकीकडे पाठ करून कुणी बसलं तर त्याचा चेहरा समोरच्याला काळा दिसतो, तेही बघा. उजेडाचं तसंच: साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. ऐंशीतल्या माणसाला तुमच्या खोलीतला पुरेसा उजेड पुरेसा नसतो. सत्राच्या आधी श्रवणयंत्राची बॅटरी तपासणं आणि चष्मे पुसून देणं ही दोन कामं मी कुठल्याही नव्या रंगसाहित्यापेक्षा वरची मानते.

साहित्याबद्दल एवढंच: लहान मुलांची रंगवायची पुस्तकं आणू नका. सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाला कार्टूनमध्ये रंग भरायला देणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो न बोलता उठून जातो. जाड कागद, खरे ब्रश, खरे रंग. कमी असले तरी चालतील.

सत्र घेणाऱ्याने काय करायचं? बसायचं. उभं राहून फिरणारा माणूस शिक्षक होतो आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागतात. कुणी तुम्हाला ‘हे बरोबर आहे का?’ विचारलं तर तो प्रश्न शेजारी वळवा: ‘काका, तुम्हाला काय वाटतं, इथे गडद हवं का?’ सुरुवातीला ते ‘मला काय कळतंय’ म्हणतील. थांबा. तिथे लगेच स्वतः उत्तर देऊन टाकायचा मोह होतो. दहा सेकंद गप्प राहिलात तर बहुधा ते बोलतात. नावं पुन्हा पुन्हा उच्चारा, प्रत्येक हाकेत, म्हणजे ती कानावर पडत राहतील आणि कुणाला ‘तुमचं नाव काय हो’ असं दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटणार नाही. मदतनिसांनाही कागद द्या आणि गटात बसवा. त्यांनी दुसऱ्याचं चित्र पूर्ण करू नये, स्वतःचं काढावं. ज्या मदतनिसाने आजोबांना मातीचं भांडं घडवताना बघितलंय, तो दुसऱ्या दिवशी त्यांना अंघोळीला नेताना वेगळं बोलतो. औषधाची किंवा तपासणीची वेळ सत्रात येऊ नये म्हणून परिचारिकांशी आधीच बोलून घ्या. मधूनच एकेकाला उठवून नेलं की गटाचा धागा तुटतो. डिमेन्शिया असलेल्या काही जणांची बेचैनी दुपार उतरताना वाढते, म्हणून शक्य असेल तर सकाळची वेळ बरी.

इथवरचं थोडक्यात: शेजाऱ्याशिवाय पूर्ण होणार नाही असं काम, लहान आणि कायम गट, ऐकू येईल आणि दिसेल अशी खोली, आणि स्वतः मागे राहणारा सत्रचालक. पण हे सगळं केलं तरी तुमची मूळ तक्रार, म्हणजे सत्रानंतरची शांतता, यातून पूर्ण सुटणार नाही. कारण ओळख सत्रात सुरू होते आणि पक्की होते ती सत्राच्या बाहेर.

म्हणून आधीच्या आणि नंतरच्या वेळेकडे बघा. व्हीलचेअरवरच्या मंडळींना सोयीसाठी लवकर आणून ठेवतात आणि ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसतात. त्याऐवजी एकाच मजल्यावरच्या दोघांना बरोबर आणा. आणताना एकाला दुसऱ्याच्या दारावर टकटक करू द्या. सत्र संपल्यावर आवराआवर मदतनिसांनी करायची नाही. ब्रश धुणं, दोरे गुंडाळणं, कागद वाळत घालणं यात ज्या गप्पा होतात त्या सत्रात होत नाहीत. यालाही दहापंधरा मिनिटं राखून ठेवा. काम अर्धवट राहू द्या, आणि ते कपाटात न ठेवता येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा, म्हणजे मधल्या दिवसांत कुणी थांबेल, हात लावेल, दुसऱ्याला दाखवेल. कुणी आजारी पडून आलं नाही तर गटातल्या कुणी तरी त्यांच्या खोलीवर जाऊन सांगायचं की तुमची जागा ठेवलीय. हे काम मदतनिसाचं नाही.

आणि जेवणाच्या जागा. सत्रातले दोघंतिघं एकाच टेबलावर बसतील असं बघा. माझ्या अनुभवात एवढ्या एका बदलाने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेही पडत नाही. सकाळी एकत्र केलेल्या कामाविषयी बोलायला दुपारी समोर माणूस असतो. हे बहुधा तुमच्या अखत्यारीत नसेल, स्वयंपाकघर आणि मुख्य परिचारिका ठरवत असतील. त्यांच्याशी बोलणं हा तुमच्या कामाचाच भाग समजा.

कार्यक्रमाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्षअखेरीला तो होतोच. सराव माणसांना जोडतो. कार्यक्रम कधी कधी तोडतो, कारण चांगलं गाणारे पुढे आणि बाकीचे मागे अशी रांग लागते. काही तरी सादर करायचंच असेल तर ते कुणासाठी तरी असू द्या: नव्या आलेल्या रहिवाशाच्या स्वागतासाठी गाणं, आजाऱ्याच्या खोलीसाठी चित्र. तिथे सुरापेक्षा देण्याला महत्त्व राहतं.

जे येत नाहीत त्यांना ओढून आणू नका. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये एका वृद्धनिवासात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या रहिवाशांना छोटे छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितलं आणि सांभाळायला एक रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं पण त्याची निगा कर्मचारीच राखायचे. पहिल्या गटातली माणसं जास्त उत्साही आणि सजग झाली, उपक्रमांत जास्त भाग घेऊ लागली. निवड स्वतःची असण्याला इतकं मोल आहे. दाराशी बसून नुसतं बघायची मुभा द्या, मग एखादं काम द्या: वेळ सांगायची, गोष्ट लिहून घ्यायची. आणि काही माणसं गटात रमणारी नसतातच, कधीच नव्हती. त्यांना एक माणूस मिळाला तरी पुरे.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगायला हवी. ओळखी जुळल्या की त्या तुटण्याचं दुःखही येणार. गटातलं कुणी वारलं तर पुष्कळ ठिकाणी खुर्ची गुपचूप उचलतात आणि विषय टाळतात. तसं करू नका. पुढच्या सत्रात नाव घ्या, त्यांचं अपुरं राहिलेलं काम गटासमोर ठेवा आणि काय करायचं ते गटालाच ठरवू द्या. काही गट ते पूर्ण करतात, काही तसंच भिंतीवर लावतात. आपल्यामागेही आपली आठवण निघेल, हे बाकीच्यांना त्यातून कळतं.

शेवटी व्यवस्थापनाला काय दाखवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात सामाजिक जवळिकीचाही विचार आहे. सुरुवातीला तो उपयोगी पडेल. पण तुमच्याच केंद्रातला पुरावा जास्त पटतो, आणि त्यासाठी उपस्थितीचा आकडा निरुपयोगी आहे. त्याऐवजी एक कागद घ्या. गटातल्या प्रत्येकासाठी एक वर्तुळ काढा. जेवणाच्या वेळी, सत्र नसलेल्या दिवशी, कोण कोणाशी आपणहून बोललं तेवढ्या रेषा ओढा. कुणी गैरहजर माणसाची चौकशी केली तर ती वेगळ्या रंगाने. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. ज्यांना प्रश्नांची उत्तरं देता येतात त्यांच्यासाठी एकटेपण मोजायची तीन प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. सोबतीची उणीव किती वेळा वाटते, वगळल्यासारखं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं, एवढंच ती विचारते, आणि गुण ३ ते ९ मध्ये येतात. डिमेन्शिया पुढे गेलेल्यांसाठी निरीक्षणच खरं.

वर्तुळं-रेषांचा पहिला नकाशा काहीही बदलण्याआधी काढून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पहिले एकदोन महिने त्यात फारसं काही दिसणार नाही, हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवा. मग बहुधा आधी सुट्या जोड्या दिसायला लागतात, इकडे दोघं, तिकडे दोघं. त्यांना लगेच मोठ्या गटात ओढायची घाई करू नका. जोडीला तिसरा माणूस ती दोघंच बोलावून घेतात.